कंपनीचा चहा

सातवीण फुलली की मला राग येतो.

दिवाळी जवळ आली की मुलुंडच्या आमच्या रस्त्यावर दिवेलागणीला तो वास उतरतो. जड, गोडसर, एकदा नाकात शिरला की जेवणाच्या चवीतही येणारा. सोसायटीतल्या बायका म्हणतात, डोकं चढतं. मी खिडकी लावून घेतो आणि थोड्या वेळाने परत उघडतो, कारण खिडकी लावली की खोलीत मी आणि पंखा एवढेच उरतो आणि पंख्याशी भांडता येत नाही. सुमती होती तोवर तिच्याशी भांडायचो. ती उत्तर द्यायची नाही, पण भांडी जरा जोरात ठेवायची. तेवढं पुरायचं.

वय झालं की माणसाला जुने दिवस आठवतात म्हणे. माझं वेगळं आहे. मला आधी राग येतो, मग तो कशाचा हे शोधत मी मागे जातो आणि दरवर्षी त्याच एका दिवाळीपाशी जाऊन पोचतो.

हे दिवस बोनसचे. आता या शब्दात काही राहिलेलं नाही. बँकेत पैसे येतात, फोन वाजतो, पोरं बघतात आणि फोन खिशात टाकतात. ऐंशीच्या दशकात तसं नव्हतं. घाटकोपरपासून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना कंपन्या होत्या. रस्त्याचं नाव सरकारने कधीच बदललं होतं, आम्ही बदललं नव्हतं. डोळे मिटून चाललं तरी कुठे आलो ते कळायचं. औषधांच्या कंपनीचा कडू वास, मग रंगाचा, मग रबराचा. कांजूर ओलांडून भांडुपकडे निघालं की तापलेल्या लोखंडाचा आणि त्यावर सोडायच्या कूलंटचा आंबूस वास यायचा. ती आमची कंपनी. आम्ही पंप बनवायचो.

नवरात्र बसलं की सगळ्या रस्त्याला बारीक ताप चढायचा. गेटाबाहेरच्या फळ्यांवर रोज नवा मजकूर. भिंतींवर पोस्टरांच्या खळीचे ओले डाग. पान-विडीवाला सुटे पैसे परत देताना विचारायचा, काय म्हणते कंपनी? किराणावाल्याने रवा आणि डालडा आणून ठेवलेला असायचा, पण बायका अजून हात लावत नसत. भांडुप स्टेशनच्या रस्त्यावर एक शिंपी होता. मी दिसलो की मशीन थांबवून ओरडायचा, "मेस्त्री, कात्री चालवू का?" मी म्हणायचो, "अजून नाय. धार लावून ठेव." तो हसायचा, पण त्याच्या डोळ्यात धाकधूक असायची. बोनसचं आमचं साहेबांशी टेबलावर काय ठरतं त्यावर त्याची दिवाळी होती. अशा किती जणांची होती कोण जाणे. मी रस्त्याने चाललो की मला ते अंगावर जाणवायचं. ओझं नव्हे, ऊब होती ती. थंडीत माणसांच्या घोळक्यात उभं राहिल्यावर लागते तशी.

मी कणकवलीकडचा. मॅट्रिकला इंग्रजीत आपटलो आणि मुंबईला आलो. लेथवर लागलो. टाइम ऑफिसच्या बाहेर काचेच्या पेटीत कंपनीचे नियम इंग्रजीत लावलेले असत. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मी त्या पेटीसमोर उभा राहून एकेक ओळ वाचायचो. अडलेला शब्द तळहातावर लिहून घ्यायचो. बाकीचे हसायचे. पुढे युनियनचा पुढारी झाल्यावर त्याच भाषेत मी साहेबांच्या चुका काढल्या तेव्हा कुणी हसलं नाही.

पण घासाघीस मी पेटीसमोर शिकलो नाही. ती आईची. ती बाजारात मासळी घ्यायला गेली की आधी टोपलीकडे बघायची नाही, कोळणीची चौकशी करायची, पोरं कशी आहेत, नवरा बोटीवर गेला का. मग भाव विचारायची, ऐकायची आणि निघायची. निघायची ते महत्त्वाचं. तिची पाठ दिसायची, पण पाऊल इतकं सावकाश पडायचं की हाक मारणाऱ्याला पोचता यावं. मी आयुष्यात एवढंच केलं. पाठ दाखवली आणि सावकाश चाललो. फक्त मध्येमध्ये डोकं फिरायचं. एकदा मीटिंगमध्ये मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिरकावला. खिडकीची काच फुटली. पुढच्या मीटिंगपासून आम्ही आत शिरायच्या आधी शिपाई टेबलावरचे सगळे पेपरवेट गोळा करून न्यायचा, आणि मग बैठकभर पंख्याने साहेबांचे कागद उडायचे आणि साहेब ते दोन्ही हातांनी दाबून बोलायचे. मला ते फार आवडायचं.

साहेब म्हणजे मेनन, आमचे पर्सोनेल मॅनेजर. बारीक अंगाचे, कायम पांढरा शर्ट, चेंबूरला वाढलेले. मराठी बोलायचे, पण दर वाक्यात काहीतरी वाकडं करून. मी ओरडायला लागलो की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. माझं ओरडणं आणि त्यांचं पुसणं एकदमच संपायचं. मग ते चष्मा लावायचे आणि म्हणायचे, "नाही." नुसतं नाही. त्या शब्दावर मी कितीदा डोकं आपटलं असेल. आता वाटतं, माझ्याकडे सरळ बघून नाही म्हणणारा तो शेवटचा माणूस.

आमच्या कमिटीचा एक रिवाज होता. कुणी घालून दिला ठाऊक नाही, मी लागायच्या आधीपासूनचा. मागणीपत्र दिल्या दिवसापासून करारावर सही होईपर्यंत कंपनीचा चहा प्यायचा नाही. कँटीनमधला चालायचा, तो कामगाराच्या पैशांचा. पण साहेबाच्या केबिनमधला कप ओठाला लावायचा नाही. शिपाई बिचारा दर बैठकीला ट्रे आणायचा, बशीवर दोन-दोन बिस्किटं. कप समोर ठेवून जायचा. वाफ निघायची, मग निघेनाशी व्हायची, मग वर साय धरायची. आम्ही बोलत असायचो आणि प्रत्येकाच्या समोर एकेक कप निवत असायचा. गुरव, माझा जोडीदार, आमच्याच तालुक्यातला, तो चहाचा इतका शौकीन की त्याची नजर सारखी कपाकडे जायची. मी त्याला टेबलाखालून लाथ घालायचो. मेननही आपला कप उचलायचे नाहीत. तो रिवाज आमचा होता, त्यांनी पाळायचं कारण नव्हतं. तरी पाळायचे.

आणि मग सही व्हायची. शिपायाला न सांगता कळायचं. तो नवा चहा घेऊन यायचा, कडक, आलं ठेचून घातलेला. सगळे एकदम कप उचलायचो. त्या पहिल्या घोटासारखं मी नंतर काही प्यालेलो नाही, आणि मंत्रालयात मी बरंच काही प्यालो.

मग मला पक्षाने विचारलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं आमच्या चाळीत आली, सुमतीने त्यांना स्टुलावर बसवलं. ते म्हणाले, तुमच्यामागे गेट आहे, सगळा कामगार आहे. मी म्हटलं, गेट माझ्यामागे नाय, मी गेटाच्या पुढे उभा राहतो एवढंच. त्यांना वाटलं मी विनय करतोय. मी भाव करत होतो. नगरसेवकाचं तिकीट मिळालं, मी उभा राहिलो आणि आलो. मिरवणुकीत गुरवाने मला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना कानातून गुलाल निघत होता आणि दाराबाहेर माणसं उभी होती. एकाचं नळाचं काम, एकाचं शाळेतल्या प्रवेशाचं, एकीच्या नवऱ्याचं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर सगळ्यांनी हात जोडले. हात जोडणाऱ्या माणसासमोर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढची कारकीर्द लोकांना माहीत आहे, किंवा होती. दोनदा नगरसेवक, एकदा आमदार, मग पक्षाला दुसरा कुणी सापडला. त्याचं मला काही नाही. पक्षाशी माझा भाव ठरलेला होता, माल संपला, दुकान बंद झालं. माझी तक्रार तिथली नाहीच. माझी तक्रार गेटाची आहे.

मी निवडून आलो त्याच वर्षी ही दिवाळी आली. नगरसेवक झालो तरी युनियनचा सरचिटणीस मीच होतो. मागणीपत्र गणपतीनंतर दिलेलं, माझ्याच सहीने. पहिल्या दोन बैठका झाल्या होत्या, चार-चार कप निवले होते.

कंपनीच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी वस्ती होती. गिरण्यांचा संप मोडला तेव्हा परळ-लालबाग सोडून बरीच माणसं तिथे येऊन राहिली होती. गुरवाच्या बायकोचा भाऊ त्यातलाच. साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, काम केलेला माणूस, आता भाजीची हातगाडी लावायचा. कंपनीची मागची भिंत नाल्यावर चढवून बांधलेली होती. पावसाळ्यात डोंगराचं पाणी भिंतीला थटायचं आणि मागे फिरून घरात शिरायचं. त्या साली तर पाणी चुलींवरून गेलं. मी वस्तीत शब्द दिला होता, भिंत मागे घ्यायला लावतो. पाऊस ओसरल्यावर दोन बायका आल्या, म्हणाल्या, साहेब, शब्दाचं काय? मी म्हटलं, आत्ता चला. त्यांना तसंच घेऊन मेननच्या केबिनमध्ये गेलो.

खरं सांगतो, तो दिवस माझा होता. मी ओरडलो, मेनननी चष्मा पुसला. ते नाही म्हणाले, मी उठलो आणि दाराकडे सावकाश चाललो, त्या दोघींना वाटलं संपलं सगळं. मेनननी हाक मारली. भिंत मागे घ्यायची, नाल्याकडेची जमिनीची पट्टी सोडायची, नाला मोकळा करायचा, सगळं कबूल. त्या दोघी सोफ्याच्या टोकावर बसल्या होत्या, पदर गच्च धरून. इतक्यात शिपाई ट्रे घेऊन आला.

त्यांच्यापुढे कप ठेवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. थोरली म्हणाली, "साहेब घेतील तर आम्ही घेऊ." घरात शिरलेला चिखल त्यांच्या पायांवरून अजून निघाला नव्हता. गालिच्यावर डाग पडेल म्हणून त्या पाय आखडून बसल्या होत्या. मी घेतला नसता तर त्या तशाच उठून गेल्या असत्या. मी कप उचलला. त्या प्यायल्या, मी प्यालो. मेनननी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. त्यांच्या लक्षात आलं होतं. केबिनला काचेचं दार होतं आणि दारापलीकडे टाइम ऑफिसची सगळी माणसं.

पाळी सुटेपर्यंत गेटावर बातमी गेली.

अलीकडे एकदा तिथे गेलो होतो. कंपनीच्या जागेवर आता तीन टॉवर आहेत आणि कुठल्याशा विंगच्या पूजेला मला बोलावलं होतं, जुने लोकप्रतिनिधी म्हणून. जिथे आमचं गेट होतं तिथे पट्ट्यापट्ट्यांचा दांडा आडवा पडतो आणि उठतो. पहारेकरी नवा पोरगा. त्याने विचारलं, किसके यहाँ जाना है? मी पूजेचं सांगू शकलो असतो. पण त्याचा प्रश्न असा सरळ आला की मी तिथेच उभा राहिलो. कुणाकडे जायचंय? कारंजं आहे तिथे मशीन शॉप होतं. पार्किंगमध्ये उतरायचा उतार आहे तिथे आमचे हात धुवायचे नळ होते. केरोसीन आणि साबणाच्या भुकटीने कोपरापर्यंत हात चोळायचो, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. पोरगा वाट बघत होता. मी म्हटलं, चुकलो रे, आणि परत फिरलो. तिथून हाक मारायला कुणी नव्हतं, तरी पाऊल सावकाशच पडलं.

तर त्या चहानंतर गुरव घरी आला. संध्याकाळ होती, सुमती चकलीची भाजणी चाळत होती. गुरव नेहमी आत येऊन सरळ पलंगावर आडवा व्हायचा. त्या दिवशी उंबऱ्यात उभा राहिला. सुमतीने चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाला. गुरव आणि चहाला नको, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"दत्या, तू थंय चहा घेतलंस?"

मी म्हटलं, घेतला. नाल्यासाठी गेलो होतो. तो नगरसेवकाचा चहा होता, सरचिटणीसाचा नव्हता.

गुरवाने एकदा सुमतीकडे बघितलं. मग म्हणाला, "तोंड एकच हा मा?"

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुझ्या मेहुण्याच्या चुलीत पाणी जात होतं, ते मी थांबवलं. एका कपात मी विकला जाईन असं वाटतं काय रे तुम्हाला? इतकी वर्षं कुणी तोंड फोडलं साहेबांचं? तुम्ही तर माझ्या मागे बसून कपाकडे बघत होता. गुरव ऐकून घेत होता. त्याचा राग मला चालला असता. तो चिडला असता, शिवी हासडली असती, तर आम्ही रात्रीपर्यंत भांडलो असतो आणि दोन पावलं तो आला असता, दोन मी गेलो असतो. पण तो भाव करायला आलाच नव्हता. ठरवून सांगायला आला होता.

तो म्हणाला, मेहुण्याचं घर वाचलं ते खरं, म्हणून तर त्याने तुला मत दिलं आणि परत देईल. वाईट तू काही केलं नाहीस. पण पोरं मशीनवर बोलतायत. जो माणूस सकाळी नाल्यासाठी साहेबाचा चहा पितो तो संध्याकाळी बोनससाठी कप कसा बाजूला सारणार? साहेबाला आता तुझ्याकडून कामं आहेत, तुला साहेबाकडून आहेत. यात तुझी चूक नाही, पण आम्हाला कळणार कसं, तू कुठल्या वेळी कोण?

मी विचारलं, "हे कमिटी म्हणता, की तू म्हणतस?"

"मी पण," गुरव म्हणाला. "यंदा तू टेबलावर नको."

जाताना तो सुमतीशी दोन शब्द बोलला, भाजणी छान झाल्याचं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, येतो साहेब. टोमणा नव्हता तो. त्याच्या तोंडून ते सहज निघालं, आणि म्हणूनच मला अजून ऐकू येतं. चाळीच्या जिन्यावर त्याच्या चपला वाजत गेल्या. सुमती म्हणाली, "जा त्याच्या मागे." मी गेलो नाही. मला वाटलं, तो वळेल. तो मासळीबाजार नव्हता हे मला कळायला वेळ लागला.

मग ते दिवस आले ज्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी महापालिकेत जायचो, डास मारायच्या धुराच्या गाडीचं, कचऱ्याच्या पेटीचं बोलायचो, आणि डोक्यात मेननशी बैठक चालू असायची. आता गुरव म्हणाला असेल, गेल्या वर्षीपेक्षा माल जास्त गेलाय. आता मेनननी चष्मा पुसला असेल. गुरवा, बोलू नकोस रे, आत्ता गप्प बस, त्याला बोलू दे. मी बसल्या जागी टेबलाखाली पाय हलवायचो. शेजारचा नगरसेवक म्हणायचा, मेस्त्री, काय झालं? भांडुपच्या शिंप्यासमोरून जायला नको म्हणून मी पुलावरून फेरा घ्यायचो. तरी एकदा त्याने गाठलंच. मला बघून उभा राहिला, मशीनवरचे हात जोडले आणि म्हणाला, साहेब, नमस्कार. कात्रीचं काही विचारलं नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, यंदा ते मेस्त्रीच्या हातात नाही.

आणि मग मेननचा फोन आला. महापालिकेतच, पक्षाच्या कचेरीत. आवाज खाली. म्हणाले, मेस्त्री, बैठकीत मज्जा नाही. तुमचा गुरव बोलत नाही, नुसता बसते. मी हसलो. मग ते मुद्द्यावर आले. मालकांचं म्हणणं होतं, कमिटीबिमिटी राहू दे, नगरसेवकांशी बोलून मिटवा. मी एकदा येऊन बसलो तर ते आकडा वाढवायला तयार होते. आणि त्यांनी आकडा सांगितला.

तो आकडा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही. एवढंच सांगतो की आयुष्यभर मी जे मागितलं त्यात तेवढा कधी मिळाला नव्हता. माझ्या हातात रिसीव्हर होता आणि मला दिसत होतं, मी तो घेऊन गेटावर गेलोय, भाषणासाठी ठेवलेल्या तेलाच्या ड्रमवर उभा आहे, गुरव खाली उभा आहे, आणि पोरांना कळतंय की मेस्त्रीशिवाय होत नाही. फार गोड चित्र होतं. पण घासाघीस करणाऱ्याला दुसऱ्याच्या मनातला हिशेब दिसतो, तो त्याचा शापच असतो. मालक ते पैसे बोनसचे देत नव्हता, कमिटी मोडायचे देत होता. एकदा कामगाराला दिसलं की आपल्या गुरवापेक्षा बाहेरच्या पुढाऱ्याला जास्त मिळतं, की गेटावर परत कुणी कुणाच्या मागे उभं राहणार नाही. सगळे माझ्या दारात येऊन हात जोडून उभे राहतील.

मी मेननवर ओरडलो. त्यांच्यावर इतका कधी ओरडलो नव्हतो. कचेरीतली माणसं बघायला लागली. मी म्हटलं, कमिटीशी बोला, मला परत फोन केलात तर याद राखा. पलीकडे ते बहुतेक चष्मा पुसत असावेत. मग म्हणाले, "बरोबर आहे, मेस्त्री." आणि फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं. पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून गेले.

गुरवाला हे मी सांगितलं नाही. सांगून काय, उपकार केल्यासारखं झालं असतं. सुमतीला सांगितलं, अगदी शेवटी, ती आजारी असताना. ती म्हणाली, तेव्हाच सांगायचं होतंत त्याला. मी म्हटलं, त्याने विचारायला हवं होतं. ती म्हणाली, काय विचारणार होता तो, त्याला ठाऊक असतं तर विचारलं असतं ना? बायकांना हे असं सरळ दिसतं. मला अजून दिसत नाही. गुरव जाऊन बरीच वर्षं झाली. तो गेला तेव्हा मी स्मशानात गेलो होतो, लोकांनी मला पुढे जायला वाट करून दिली, आणि मी पुढे जाऊन उभा राहिलो, एकटाच.

करार झाला तो धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. मला कुणी बोलावलं नाही. पण बातमी रस्त्यावर आली होती आणि माझे पाय तिकडे गेले. पहिली पाळी सुटायची वेळ. मी गेटासमोर गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, बसस्टॉपच्या खांबाआड उभा राहिलो. उन्हं कलली होती, आणि कंपनीच्या भिंतीलगतच्या सातविणीचा वास धुळीत मिसळून रस्ताभर पसरला होता. गेट उघडलं, माणसं बाहेर आली. पहिले पुढचे, मग सगळा लोंढा, निळे कपडे, खाकी कपडे, हातात डबे. गुरव ड्रमवर चढला. त्याला चढता येत नव्हतं, दोघांनी हात दिला. हातात कर्णा. पहिल्यांदा तो उलटा धरला त्याने, माणसं हसली, त्याने सुलटा केला.

मग त्याने आकडा सांगितला.

कमी होता. माझ्या तोंडातून शिवी गेली. आणखी एक दिवस बसला असता, नुसता गप्प बसला असता, तर मेनननी अजून दिलं असतं, मला ठाऊक होतं. पण त्याच्या आवाजात एक थरथर होती आणि ती गेटाला आवडत होती. तो आपल्या भाषेत बोलत होता, अर्धं मालवणी, अर्धं कुठलं तरी. म्हणाला, माझ्याने एवढंच झालं. पटत असेल तर सांगा, नायतर मी परत आत जाऊन बसतो.

आमच्याकडे करार सहीने पक्का होत नाही. आधी गेटावर हात वर होतात, मग कागद. ड्रमवरच्या माणसाने विचारायचं आणि बघायचं. गुरवाने विचारलं आणि बघितलं. आधी पुढची रांग, मग मागे मागे लाट गेल्यासारखे हात उठले. बाह्या खाली घसरल्या, घड्याळं चमकली, कुणी डब्यासकट हात वर केला. मी इतकी वर्षं ते ड्रमवरून बघितलं होतं. ड्रमवरच्याने स्वतःचा हात वर करायचा नसतो. म्हणजे ड्रमवर चढायला लागल्यापासून माझा हात त्या गेटावर एकदाही वर गेला नव्हता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या दिवशी तो वर गेला. मी केला असं म्हणवत नाही, गेला. रस्त्यापलीकडून, खांबाआडून, डोक्याच्या वर, सरळ.

आणि माझ्यासमोर बस येऊन थांबली.

ड्रायव्हरला वाटलं मी हात दाखवतोय. दार माझ्यापुढे आलं, गेट दिसेनासं झालं. कंडक्टर म्हणाला, चला लवकर. मी हात खाली घेतला आणि चढलो. काय सांगणार होतो त्याला? आत गर्दी होती, दिवाळीच्या पिशव्या, कंदिलांच्या काड्या, कुणाच्या तरी मांडीवर रांगोळीचे पुडे. कंडक्टरने मला ओळखलं. "साहेब, तुम्ही? तुम्हाला कसलं तिकीट." मी म्हटलं, फाड. तो म्हणाला, राहू दे हो साहेब. मी ओरडलो, "तिकीट फाड." त्याने घाबरून फाडलं.

ते ऐकून दारालगत बसलेला एक माणूस उठला. कामगारच, नखांच्या कडा काळ्या. दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीतला असावा, आमच्यातला नव्हता. म्हणाला, साहेब, बसा. मी म्हटलं, तू बस, दिवसभर उभा आहेस. तो हात जोडून म्हणाला, असं कसं साहेब, तुमच्यासमोर. मी पुन्हा म्हटलं, बस रे. तो बसेना. मी बसलो नाही. बाजूच्या माणसांनी आमच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे केली. त्या गर्दीत कुणीही त्या जागेवर टेकलं नाही. मुलुंड येईपर्यंत तो एका बाजूला दांड्याला धरून, मी दुसऱ्या बाजूला, आणि मधली जागा रिकामी.